ठिगळीचं डोकं अडकतं तेव्हा

"मेले! अहो, मी मेले! कोणीतरी बाहेर काढा मला!"

आवाज जर्सीच्या आतून येत होता. शाळेची निळी, नवीकोरी जर्सी स्टुलावर उभी होती. खाली दोन काटकुळे पाय, बाजूला दोन लोंबत्या बाह्या आणि डोक्याच्या जागी एक फुगीर गाठोडं. गाठोडं डावीकडे झुकलं, उजवीकडे झुकलं आणि शेवटी आरशावर जाऊन आपटलं.

"हिचं हे रोजचंच आहे," बाकावर बसलेली आई म्हणाली. "घरी पण असंच. शेजारी धावत येतात."

"आई, मला काही दिसत नाहीये! रात्र झाली का?"

मशीनची घरघर थांबली. मशीनवरची बाई उठली, स्टुलापाशी आली आणि गुडघ्यांवर बसली. तिच्या ओठांमध्ये टाचण्यांची एक रांग होती, नेहमीसारखी. ती एवढंच म्हणाली, "उं."

"हात वर कर म्हणत्ये ती," गल्ल्यावरून सासूबाई ओरडल्या. "दोन्ही हात सरळ वर, पोलिसाने पकडल्यासारखे!"

बाह्या वर गेल्या.

"उं," बाई पुन्हा म्हणाली. सूर जरा खालचा.

"हनुवटी खाली! छातीला टेकव, देवासमोर... नाही, शाळेतल्या बाईंसमोर शरमल्यासारखी!"

गाठोडं वाकलं. बाईने टाचण्यांच्या फटीतून हळूच हवा सोडली. "फुस्स."

"आणि आता गाल सोड. सगळी हवा बाहेर. सोडलीस? अजून सोड. किती हवा भरलीये पोरीत!"

पॉक! गळ्यातून एक लालबुंद तोंड बाहेर आलं, केस दाही दिशांना उभे. ते तोंड एकदा सगळ्या दुकानाकडे बघून म्हणालं, "पण गळा एवढा लहान का केलाय?"

या मुलीला आख्खी आळी 'चौकशी' म्हणायची. का, ते आता सांगायला नको.

आणि मशीनवरच्या बाईला सगळे म्हणायचे टाचणीताई.

टाचणीताईचं दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत मशीन, आरसा, मापं घ्यायचं स्टूल, गल्ला आणि गल्ल्यामागे सासूबाई. मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, वाफ आणि वाफेत नवरा. मुलांचे कपडे शिवायचे, शाळेचे आणि घरचे. मोठ्या माणसांचे नाही. "मोठी माणसं पोट आत ओढून माप देतात," टाचणीताईचे वडील म्हणायचे, "आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून भांडतात. मुलं खरं माप देतात."

शिवणकाम तिला वडिलांनीच शिकवलं. त्यांचा सगळ्यात पक्का धडा गळ्याचा होता. गळा कापताना कात्री नेहमी खुणेच्या आत ठेवायची. गळा लहान झाला तर ट्रायलला मोठा करता येतो. मोठा कापलास तर कापड गेलं, गिऱ्हाईक गेलं आणि रात्रीची झोपही गेली. हे तिच्या हातात इतकं मुरलं होतं, की डोळे मिटून जरी तिने गळा कापला असता तरी तो बोटभर लहानच निघाला असता. मग स्टुलावर पोरगं उभं करायचं, त्याचं डोकं अडकलेलं बघायचं, खडूने खूण करायची आणि तेवढंच कापायचं. चौकशीच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. पण ते द्यायला तोंड मोकळं हवं ना!

तोंडात टाचण्या कधीपासून आल्या, हे तिलाही नीट आठवत नव्हतं. वडिलांकडे बघून आल्या असतील. पण वडील टाचण्या काढून बोलायचे आणि हिला टाचण्या काढायला नकोच वाटायचं. परकं माणूस समोर आलं की हिची दातखीळ बसायची. टाचण्या असल्या म्हणजे कसं, कोणी विचारतच नाही. लोक म्हणतात, बिचारी कामात आहे. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी महिनाभर वाट पाहिली, मग मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "काय रे, हिला बोलता येतं ना?"

"येतं की," तो म्हणाला. "माझ्याशी बोलते."

"काय बोलते?"

"'अहो, चहा.'"

पुढे सासू-सुनेची एक हातांची भाषाच तयार झाली. दोन बोटं उघड-मीट केली की कात्री. मनगट फिरवलं की टेप. कानाची पाळी धरली की माप चुकलं. आणि 'उं'चे इतके प्रकार, की सासूबाईंनाच ते सगळे कळायचे. सुनेच्या एका 'उं'चं त्या चार वाक्यांत भाषांतर करायच्या. त्यातली तीन त्यांची स्वतःची असायची.

पण मुलांना भाषांतर लागत नव्हतं. मुलांसाठी तिच्याकडे ठिगळी होती.

ठिगळीचा जन्म एका रडण्यातून झाला. एक पोरगं बटणांना घाबरायचं. खरंच! बटण दिसलं की किंकाळी. त्याचा शर्ट शिवायचा कसा? टाचणीताईने कातरणाच्या ढिगातून एक तुकडा उचलला, त्यावर पिवळ्या तुकड्याचं गोल तोंड चिकटवलं, लोकरीच्या दोन शेंड्या टाचल्या आणि डोळ्यांच्या जागी दोन बटणं लावली. एक मोठं, एक छोटं. मग त्या बाहुलीला स्वतःचंच बटण लावता येत नाहीये, असं एक चित्र केलं. दुसऱ्या तुकड्यावर बटण चुकीच्या काजात. तिसऱ्यावर सगळी बटणं लागली, पण आत बोका राहिलाय. ते पोरगं रडता रडता हसायला लागलं आणि नाकातून फुगा आला. टाचणीताईने ते तुकडे एकावर एक ठेवून कडेने शिवले. झालं पुस्तक.

मग थांबतेय कशाला! ठिगळी आणि उलटे बूट. ठिगळीचा हलणारा दात, त्यात दात खरोखर दोऱ्यावर लोंबायचा. ठिगळी अंघोळ करत नाही, म्हणून तिच्या गुडघ्यावर हिरवं कापड उगवतं. ठिगळीच्या नाडीची गाठ. ती गाठ सुटेपर्यंत शाळा सुटते. पानं कापडाची, चेन खरी, नाडी खरी, खिसे खरे आणि खिशात कधीकधी खरा चिकट लाडूचा तुकडा, कुठल्यातरी वाचकाने ठेवलेला. अक्षर मात्र एकही नाही. गोष्ट टाचणीताई बोटाने दाखवायची, वरून "उं?", "उंहुं!", "फुस्स". मुलं लोळायची हसून. ट्रायलला आलेली मुलं घरी जायला तयार नसायची. एका आईने तर विचारलं होतं, "आमच्या घरी रोज थोडा वेळ ट्रायल होईल का?"

त्या दिवशी चौकशी जर्सीतून बाहेर आली आणि थेट ठिगळीच्या पेटीवर जाऊन बसली. तेवढ्यात दारात एक चष्मा आला. चष्म्यामागे लायब्ररीच्या बाई होत्या, चौकातल्या लायब्ररीतल्या. त्यांच्या पर्सची चेन तुटली होती.

"चेन बदलून मिळेल का?"

"उं."

"मिळेल म्हणत्ये," सासूबाई म्हणाल्या. "बसा. उद्या देऊ. चहा घ्याल? मागे इस्त्री तापलेलीच आहे... म्हणजे चहा वेगळा करतो, इस्त्रीवर नाही."

बाई बसल्या, पण त्यांचं लक्ष चौकशीकडे गेलं. चौकशी पोटावर पालथी पडून दाताचं पुस्तक वाचत होती आणि तोंडाने, "ओढ! ओढ! नको, थांब! आता ओढ!" असं चाललं होतं. बाईंनी पुस्तक हातात घेतलं. एक पान. दुसरं. दात लोंबला तशा त्या फिस्सकन हसल्या आणि पटकन इकडेतिकडे बघितलं, लायब्ररीत असल्यासारखं.

"हे कोणी केलं?"

सासूबाईंनी मशीनकडे हात केला. टाचणीताईने मान खाली घातली आणि मशीन उगाचच चालवलं. मशीनखाली कापड नव्हतं.

"अहो, माझ्याकडे मुलांची खोली आहे," बाई भराभरा बोलायला लागल्या. "कपाट आहे, सतरंजी आहे, फक्त मुलं नाहीत! जी पुस्तकं आहेत त्यांत मुलं पहाटे उठतात, खरं बोलतात आणि भाजी खातात. कोण येणार? ही द्या मला. एक आख्खा कप्पा देते. ठिगळीचा कप्पा!"

टाचणीताईच्या छातीत मशीन सुरू झालं. स्वतःचा कप्पा! पुस्तकांच्या शेजारी पुस्तक म्हणून उभी राहील ठिगळी!

"पण एक अडचण आहे." बाईंनी पुस्तक उलटंपालटं केलं. "यात अक्षर नाही. आमच्याकडे नियम आहे. नुसत्या चित्रांचं पुस्तक ठेवायचं तर ते आधी मुलांना कोणीतरी सांगून दाखवावं लागतं. गोष्ट आहे की नुसतं खेळणं आहे, ते ठरतं त्यावर. तेव्हा ताई, रविवारी तुम्ही या. मुलांसमोर बसून एक पुस्तक सांगा, तोंडाने. रंगलं की त्याच दिवशी कप्पा तुमचा."

"उं..." टाचणीताई म्हणाली.

दुकानात सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. पहिल्यांदाच सासूबाईंना भाषांतर सुचलं नाही.

बाई गेल्या तशी मागच्या खोलीतून, वाफेतून, नवऱ्याचा आवाज आला, "नाही म्हणून सांग. कशाला जिवाला घोर?"

"का नाही म्हणून सांगेल?" सासूबाई उसळल्या. "मी सांगेन गोष्ट! मला काय तोंड नाही?"

"तेच तर आहे, आई."

"तू इस्त्री कर! ए चौकशे, इकडे बस. ऐक." सासूबाईंनी अंघोळीचं पुस्तक उघडलं, घसा खाकरला. "एक होती ठिगळी. ती अंघोळ करत नसे. मग तिची आई म्हणाली, बाळ, स्वच्छता किती महत्त्वाची आहे. मग ठिगळीला पश्चात्ताप झाला. मग ती रोज, गार पाण्याने..."

चौकशीने हात वर केला. "आजी, हे परीक्षेला आहे का?"

मागच्या खोलीत इस्त्री खदखदा हसली. टाचणीताईलाही हसू आवरेना, टाचण्या तोंडात थरथरल्या. सासूबाईंनी पुस्तक फटकन मिटलं.

"बरं. मी नाही. मग ही."

त्यांनी सुनेकडे बोट केलं. आणि टाचणीताईने, काय संचारलं होतं कोण जाणे, मान हलवली. वरून खाली. हो.

मग जी धांदल उडाली! नेहमीची पुस्तकं हाताएवढी. सतरंजीवर मागे बसलेल्या पोराला काय दिसणार? नवीन पाहिजे, मोठं पाहिजे, उशीच्या अभ्र्याएवढं! आणि विषय? विषय तर स्टुलावर आरडाओरडा करून गेला होता. ठिगळीचं डोकं अडकतं! पहिल्या पानावर ठिगळी स्वेटर घालते आणि हात गळ्यातून बाहेर येतो. मग डोकं बाहीत जातं. मग बोक्याला वाटतं, स्वेटरच चालत आलाय, आणि बोका कपाटावर. मग ती दारावर आपटते, दाराला सॉरी म्हणते. आणि शेवटचं पान, अहाहा! आख्खं पान म्हणजे एक स्वेटर आणि मधोमध खरा गळा, जुन्या जर्सीचा पट्टीदार, आरपार. ऐकणाऱ्या पोराने त्यातून डोकं घालायचं आणि पॉक, पोरगंच ठिगळी!

नवरा पाठीमागून चहा ठेवून जायचा आणि एखादं पान इस्त्री करून आणायचा. "बोक्याच्या शेपटीला चुणी होती," एवढंच बोलायचा. सासूबाई कातरणाच्या ढिगात बसून रंग निवडत होत्या. "हा घे. नको, हा भडक आहे. नको, भडकच घे." टाचणीताईच्या पायाखाली मशीन पळत होतं. मुलं ओढतील म्हणून गळ्याला तिने दुहेरी शिवण मारली, जाड दोऱ्याची. दोरा दाताने तोडला, पुस्तक मिटलं. झालं!

सगळं झालं होतं. ट्रायल तेवढी झाली नव्हती.

गळा, अर्थातच, बोटभर लहान कापलेला होता.

रविवारी लायब्ररीच्या पायऱ्यांवर सासूबाईंनी तळहात पुढे केला. "दे."

"उं?"

"टाचण्या. दे म्हणते ना. तू तोंडात टाचण्या घेऊन बसशील, ते बघून उद्या एखादं पोरगं घालेल तोंडात. मग?"

हे तर बरोबरच होतं. टाचणीताईने एकेक टाचणी काढून सासूबाईंच्या पर्सला टोचली. ओठ एकदम उघडे पडले. आख्ख्या गावासमोर चप्पल न घालता चालावं तसं वाटायला लागलं.

मुलांची खोली भरली होती! चौकशीने सगळ्यांना सांगितलं होतं, की तिथे एका बाईचा दात ओढणार आहेत. सतरंजीवर मुलंच मुलं, एकमेकांच्या मांडीवर, खिडकीत, कपाटाच्या पायाशी. आणि कपाटात, मधोमध, एक रिकामा कप्पा. पुसून ठेवलेला. टाचणीताईला तो दिसला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ती खुर्चीवर बसली. पहिलं पान उघडलं. हात गळ्यातून बाहेर आलेली ठिगळी. मुलं खुसखुसली. आता बोलायचं. एक होती ठिगळी. तीन शब्द. तोंड उघडलं, जीभ वर गेली आणि तिथेच राहिली. 'उं' पण येईना.

"आवाज येत नाहीये!" खिडकीतलं पोरगं म्हणालं.

"दुसरं पान दाखवा की!"

"कधी ओढणार दात?"

"आजी," चौकशीने मागे वळून मोठ्यांदा विचारलं, "टाचण्या नाहीत म्हणून बंद पडल्या का त्या?"

"चूप," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरली होती.

लायब्ररीच्या बाई दाराशी उभ्या राहून हसत होत्या, पण ते हसू हळूहळू मावळायला लागलं. एक मुलगा उठून चपला शोधायला लागला. टाचणीताईने चपलांकडे बघितलं, कप्प्याकडे बघितलं. काहीतरी कर, काहीही कर! बोलता येत नाही तर दाखव! तिने एकदम शेवटचं पान उघडलं, पुस्तक डोक्यावर धरलं आणि गळ्यातून डोकं घातलं.

अंबाडा गेला. टाळू गेली. कपाळापाशी गळा थांबला.

तिने ओढलं. नाही. मागे घेतलं. अंबाडा अडकला. दुहेरी शिवण, जाड दोरा, तिची स्वतःची! आत अंधार, मशीनच्या तेलाचा आणि जुन्या लोकरीचा वास, आणि कानाशी कापडी बोका. आणि त्या क्षणी तिला सगळं लख्ख आठवलं. ट्रायल! ट्रायलच घेतली नाही!

"अडकलं!" ती ओरडली.

केवढ्याने! खिडकीची काच झणझणली. तिचं तिलाच कळेना, हा आवाज कोणाचा. खोलीत हशाचा असा लोट आला, की सतरंजी हलली.

"काय अडकलं?" चौकशी ओरडली. प्रश्न दिसला की ती थांबणार थोडीच!

"डोकं!"

"कोणाचं?"

आत अंधार होता. कोणी दिसत नव्हतं. चष्मा नाही, कप्पा नाही, आळी नाही. आणि कोणी दिसत नसलं, की आपणही कोणाला दिसत नाही, असंच वाटतं ना? लहानपणी पांघरुणात वाटायचं तसं. टाचणीताईने श्वास घेतला.

"माझं! ठिगळीचं! आणि कोण हसलं रे? तुमचं नाही का अडकत कधी?"

"अडकतं!" सगळी खोली.

"खोटं! हात वर करा बघू. मला दिसत नाहीये, पण करा!"

हात वर झाले. लायब्ररीच्या बाईंचाही.

"पण अडकलं कसं?" चौकशी.

"सांगते! आई म्हणाली, थंडी आहे, स्वेटर घाल. म्हटलं, मी एकटीने घालणार! मी काय लहान आहे? घातला हात, तर हात कुठून बाहेर आला?"

"कुठून?"

"गळ्यातून! हात म्हणतो, अय्या, डोकं कुठंय? डोकं म्हणतं, मी बाहीत आहे, इथे फार गर्दी आहे!"

खिडकीतलं पोरगं खिडकीतून खाली पडलं, आतल्या बाजूला, आणि पडल्या पडल्या हसत राहिलं. चपला शोधणारा चपला हातात घेऊनच खाली बसला.

"मग मी निघाले बाहीतून बघत, दुर्बिणीतून बघावं तसं. समोर बोका. बोक्याने बघितलं, स्वेटर चालत येतोय! बोका काय म्हणाला?"

"म्याँव!"

"नाही! बोका म्हणाला, अरे बापरे, आज यांनी कपडे पाळलेत!"

ती उठून उभी राहिली. खुर्ची पडली. पुस्तक डोक्यात, हात पुढे, ती खोलीभर चाचपडत फिरायला लागली. कपाटावर आपटली. "सॉरी हं, दारकाका!" भिंतीला म्हणाली, "आई, तू एवढी सपाट कधी झालीस?" मुलं तिच्या वाटेतून किंचाळत पळत होती आणि मुद्दाम परत वाटेत येत होती. मागे सासूबाई टाळ्या वाजवून लायब्ररीच्या बाईंना सांगत होत्या, "बघा! मी म्हटलं नव्हतं? नाटकात असायला हवी होती. बघा कशी अडकल्याचं सोंग..."

तेवढ्यात टाचणीताईचा एक हात मागे आला. मुलांना न दिसेलसा, पाठीशी. दोन बोटं. उघड-मीट. उघड-मीट. उघड-मीट.

सासूबाईंच्या टाळ्या हवेतच राहिल्या. "अगं बाई. ही खरंच अडकली आहे. कात्री! अहो, कात्री द्या!"

"मुलांच्या खोलीत कात्री ठेवत नाही," बाई घाबरून म्हणाल्या. "नियम आहे."

"तुमचे नियम घाला चुलीत! पर्समध्ये टाचण्या आहेत, त्यांनी काय गळा उसवू? दुहेरी शिवण आहे तिची, हत्तीला तुटायची नाही!"

"थांबा!" चौकशी कंबरेवर हात ठेवून पुढे आली. तिने टाचणीताईला हाताला धरून थांबवलं, खुर्ची सरळ केली आणि तीवर चढून उभी राहिली. "मला माहितीये. मी अडकले होते तेव्हा मला यांनीच शिकवलंय. ठिगळे, ऐकतेस ना?"

"ऐकते!" आतून.

"उं!"

दोन्ही हात सरळ वर गेले, पोलिसाने पकडल्यासारखे.

"सगळ्यांनी म्हणा! उं!"

"उंऽऽ!" सगळी खोली.

हनुवटी खाली.

"आता सगळी हवा सोड. म्हणा रे!"

"फुस्स्सऽऽ!"

पॉक!

गळ्यातून तोंड बाहेर आलं. लालबुंद, अंबाडा सुटलेला, केस दाही दिशांना. आणि ते तोंड बोलतच होतं: "...आणि मग माझं डोकं बाहेर आलं, तर समोर बघते तर काय, हीऽऽ गर्दी! तुम्ही कोण सगळे? माझ्या घरात काय करताय? आणि त्या चपला कोणाच्या हातात?"

बोलता बोलता तिला उजेड दिसला. समोर तोंडंच तोंडं, सगळी तिच्याकडे बघणारी. ती थांबली. ओठ आपोआप मिटले.

"पण पुढे काय झालं?" चौकशी.

टाचणीताईने तिच्याकडे बघितलं. मग त्या सगळ्या तोंडांकडे. एकालाही तिचं काही वावगं वाटत नव्हतं. त्यांना फक्त पुढचं हवं होतं.

"पुढे ना," ती म्हणाली, जरा घोगऱ्या आवाजात, पण म्हणाली, "पुढे आई आली आणि म्हणाली, शहाणी माझी बाय! आता पँट घाल."

हसण्याने कपाटाच्या काचा वाजल्या.

मग दाताचं पुस्तक झालं, मग बुटांचं, मग दाताचं पुन्हा. आवाज कधी चढायचा, कधी फाटायचा, मध्येच एकदा 'उं'वर गेला आणि परत आला. सगळा वेळ मोठं पुस्तक गळ्यात तसंच, स्वेटरसारखं. कारण गळा एका बाजूने सुटला होता, दुसऱ्या बाजूने नाही. हनुवटीच्या खाली जाऊन तो जो बसला, तो परत वर यायला तयार नव्हता.

मुलं गेल्यावर लायब्ररीच्या बाईंनी कप्प्याला हात लावला. "कप्पा तुमचा. पुस्तकंही आजच ठेवून घेतली असती. पण मोठं ठेवायचं तर तुम्हालाही कप्प्यात बसवावं लागेल."

"घरी जाऊन उसवते," टाचणीताई म्हणाली, "आणि गळा बोटभर मोठा करते. अहो, माझी चूक झाली. ट्रायल घ्यायची राहिली. आमच्याकडे गळा आधी लहान कापतात, मग..."

"मोठा नका करू!" दारातून चौकशी. अजून गेली नव्हती. "मग अडकणार कसं?"

टाचणीताई थांबली. खरंच की. अडकलंच नाही तर गोष्ट कुठली? तिने मान डोलावली, पुस्तकासकट. "करते. पण अर्धंच बोट. अडकेल, पण 'फुस्स' केलं की निघेल."

ती तशीच रस्त्याने निघाली. गळ्यात पुस्तक, पाठीवर बोका, छातीवर शेंड्या. लोक वळून बघत होते. आणि ती बोलत होती! "आई, बघितलंत का तो खिडकीतला? पडल्याचं मला आत ऐकू आलं, आणि हसतच होता! आणि मी म्हटलं दारकाका, ते मला तिथेच सुचलं, आधी ठरवलं नव्हतं. आता पुढचं कुठलं करू? शिंक अडकते ते? की वहीतलं पान फाटतं ते? की ठिगळीला शी येते आणि नाडीची गाठ, आई, नाडीची गाठ तर आहेच, तीच पुढे नेली तर? आणि त्या बाईंनी पण हात वर केला म्हणे, त्यांचं अजून अडकत असेल का हो?"

सासूबाई एकही शब्द मध्ये घालू शकत नव्हत्या. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

दुकानात नवरा इस्त्रीवर होता. वाफेतून त्याने बायकोकडे बघितलं. पुस्तक, अंबाडा, बोका.

"ट्रायल?" त्याने विचारलं.

"हो! म्हणजे नाही! ऐका ना, काय झालं माहितीये, आधी तर माझा आवाजच..."

ती पहिल्यापासून सांगायला लागली. पायऱ्यांपासून, टाचण्यांपासून, चपलांपासून. हात वर करून, हनुवटी खाली करून. नवऱ्याने इस्त्री बाजूला उभी केली आणि स्टुलावर बसला, मापं द्यायला आलेल्या पोरासारखा, तोंड उघडं टाकून. मग तो कात्री घेऊन शिवण उसवायला उठला, तरी हिचं चालूच. "अगं, हलू नकोस," तो म्हणाला, "मान कापली जाईल." तरी चालूच!

सासूबाई गल्ल्यामागे मटकन बसल्या. त्यांनी पर्समधून एकेक टाचणी उपटली, हातात जुडी केली आणि सुनेपुढे धरली.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "घे गं. थोडा वेळच. निदान माझा चहा होईपर्यंत."